पूजेतली बंदूक

प्रिय बाबा,

परवा तुमची बंदूक उघडली, म्हणून लिहायला बसले. एरवी पत्र लिहावं असं आपल्यात होतं तरी काय? फोनवरसुद्धा तुम्ही "बरी आहे ना? घे, आईसंग बोल" एवढंच म्हणायचे आणि फोन तिच्या हातात द्यायचे.

तुमचं वर्षश्राद्ध झालं त्या दिवशी मंगेशदादानं ती माळ्यावरून काढली आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात ठेवली. "घेऊन जाय वंदे. तूच मोडली, तूच ठेव. दसऱ्याले पूजेपुरती आणत जा." पंगतीतले सगळे हसले. मीही हसले. त्या गोष्टीवर हसायची मला इतक्या वर्षांची सवय आहे.

मेहकरपासून बुलढाण्यापर्यंत ती चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन आले. कंडक्टर म्हणाला, "काय हाय बाई त्याच्यात?" म्हटलं, "बंदूक." तो म्हणाला, "मंग पुढच्या शिटावर बसा." छर्र्याची आहे, पाखरं हाकलायची आहे, वरून मोडकी आहे, हे त्याला सांगत बसले नाही.

ठरवलं होतं की आपण मोडली, तर आपणच दुरुस्त करायची. तुम्ही बघायला नव्हता, तरी तुमच्यासाठीच करत होते. हसू नका. संध्याकाळी शाळेतून आले की ओट्यावर वर्तमानपत्र अंथरून बसायची. नळीचा गंज घासलेट आणि पॉलिश पेपरनं काढला. लाकडी दस्त्यावर दर दसऱ्याचं कुंकू थरावर थर बसलं होतं, ते नखानं खरवडलं, जवसाचं तेल चोळलं. लाकूड काय सुंदर निघालं आतून! हे म्हणाले, "तुझा हात चांगला आहे की." मला ते खोटंच वाटलं.

बाबा, माझ्या हातून वस्तू मोडतात. हे मला माझ्या नावासारखं पाठ आहे. घरात मिक्सरचं भांडं यांनी बसवायचं, गिझरचं बटण यांनी दाबायचं. शाळेत प्रोजेक्टर लावायचा असला की मी दुसऱ्या बाईंना हाक मारते. मला बघायला आले तेव्हा तुम्ही सासऱ्यांना काय म्हणाले होते, आठवतं? "पोरगी गुणाची आहे, फक्त तिच्या हातात मशीन देऊ नका, आमची बंदूक मोडली तिनं." चहा पीत पीत.

नववीत होते मी. दसऱ्याची पूजा झाली, तुम्ही भिंतीवर रिकामी माचिस ठेवली आणि घरातल्या माणसांनी दोन-तीन बार काढले. मंगेशदादाचा एकही लागला नाही. मी मागितली, तुम्ही हसत दिली. माचिस उडाली. पुन्हा ठेवली, पुन्हा उडाली. मोठेबाबा म्हणाले, "काऊन बे मंग्या, बांगड्या भर आता!" सगळ्या अंगणात हशा झाला. दादा तसाच घरात निघून गेला, मला मात्र त्या दिवशी जेवायचंही सुचत नव्हतं, इतकी मी आनंदात होते.

खेळाच्या सरांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, बुलढाण्याला नेमबाजीची निवड आहे, दिवाळीनंतर हिला नेतो. तुम्ही "पाहू" म्हणाले.

दिवाळीत मी बंदूक घेतली तर नळी ढिली लोंबत होती. चाप ओढला तर नुसतं टिक. तुम्ही हातात घेतली, वरखाली पाहिली आणि म्हणाले, "बिनछर्र्याचा बार काढला असशीन तू. त्यानंच स्प्रिंग तुटली." मी नाही म्हणत राहिले, रडले. तुम्ही मारलं नाही, तेवढं खरं. पण पुढच्या दसऱ्याला सोनं द्यायला आलेल्या माणसांना पूजेतली बंदूक दाखवून ती गोष्ट सांगितली. त्याच्या पुढच्याही. इतक्या वेळा ऐकली की मी तो बिनछर्र्याचा बार काढल्याचं मलाच आठवायला लागलं. कुठे उभी होते, तेसुद्धा.

सर विचारायला आले, तेव्हा मीच म्हटलं, "नको सर, माझ्या हातून मोडते."

तर परवा. मागचा बोल्ट काढताना आतली स्प्रिंग अंगावर झेपावते, असं मोबाईलवर बघितलं होतं. म्हणून हे लाकडी ठोकळ्यानं जोर लावून दाबून उभे, मी पान्यानं बोल्ट फिरवतेय. बोल्ट हातात आला. आतून काहीच आलं नाही. यांनी टॉर्च मारला. "अवं, हिच्यात स्प्रिंगच नाही."

तुटकी नाही. तुकडाही नाही. स्प्रिंगच नाही.

आणि आतल्या हवा दाबणाऱ्या पिस्टनचं चामडं मऊ. इतक्या वर्षांत ते पापडासारखं व्हायला हवं होतं, त्याला तेलाचा हात होता. दर दसऱ्याच्या आधी तुम्ही दार लोटून बंदुकीला तेल द्यायला बसायचे. म्हणजे दर वर्षी तुम्ही ती उघडत होता, रिकामी जागा पाहत होता, बंद करत होता आणि दुसऱ्या दिवशी चारचौघांत माझं नाव घेत होता. कसं जमलं हो तुम्हाला?

आईला फोन केला. उघडली ते सांगितलं. ती म्हणाली, "तुटली कुठी होती माय? चांगली होती. त्याहीनं काढून हिरीत टाकली. मंग्या जेवत नव्हता, शाळेत जात नव्हता. अन् पोरीच्या जातीले बंदूक कायले, म्हणे."

"अन् तुले माहीत होतं?"

"माहीत होतं."

"मंग बोलली काऊन नाही?"

"आता नको विचारू वंदे. दसऱ्याले लोकायसमोरही काही बोलू नको. गेलेल्या माणसाचं नाव काऊन खराब करतं?"

आणि माझं खराब झालं, त्याचं काय? मी काही जगज्जेती झाले नसते, बाबा. बुलढाण्याहून हरूनही आले असते. पण हरून आले असते, मोडून नाही. दादाचं तोंड उतरलं तर त्याला शिकवायचं होतं. मला रागावून "तू जायचं नाही" म्हटलं असतं, तरी मी सहन केलं असतं. दोष कशाला दिला? आणि स्प्रिंग टाकूनच दिली होती, तर चामड्याला तेल कशासाठी देत राहिला? तेवढं एक मला कळत नाही. ते धरून तुम्हाला माफ करता येईल का, हे मी दोन दिवस पाहिलं. नाही येत.

नवी स्प्रिंग मागवली होती, ती काल बसवली. यांना हात लावू दिला नाही. बार भरताना नळी खाली मोडायला आता जोर लागतो.

मागच्या वर्षी तुमच्यामुळे घरात दसरा नव्हता, उद्या आहे. बंदूक घेऊन येते आहे. लोक सोनं द्यायला आले की दादा ती गोष्ट काढेलच, तुमच्यानंतर आता तोच सांगतो. त्याला पूर्ण सांगू देईन, मध्ये बोलणार नाही. मग भिंतीवर माचिस ठेवीन आणि बार काढीन. लागो, न लागो. आणि हिच्यातली स्प्रिंग कोणी काढली होती, ते तुमच्या फोटोसमोर, तुमचं नाव घेऊन सांगीन. आई रडेल, तिला जवळ घेईन, पण सांगीन.

चामड्याला तेल मात्र दर वर्षी देत जाईन. दार उघडं ठेवून.

तुमची,
वंदना