कपाटातल्या फ्लॉप्यांना हात लावू नका

बाबा,

गाढ झोपला होतात, म्हणून न उठवताच कामावर निघाले. तुमच्या जुन्या कॉम्प्युटरला चालतात तसल्या, एकाच भोकाच्या कोऱ्या फ्लॉप्या टेबलावरच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. त्या हव्या तितक्या फॉरमॅट करा. कपाटातल्या मात्र नकोत! त्यांच्या खिट्या मी सरकवून ठेवल्यात, म्हणजे चुकूनही पुसल्या जाणार नाहीत.

काल तुमच्या आठवणींची फ्लॉपी तुमच्याच हातून तिसऱ्यांदा कोरी झाली, तेव्हा मी नको ते बोलले. चुकलंच माझं.

पहिलं प्रकरण मी पुन्हा टाइप केलंय. तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की पाठच झालंय. कुठे चुकलं असेल तर संध्याकाळी सगळं पहिल्यापासून सांगा. या वेळी मधेच “माहितीये हो!” म्हणणार नाही.

तुमची भवानी