उजवा पंख

१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तब्येत विचारलीस. चष्म्याचं दुकान चालू आहे, मीही चालू आहे. दोघांकडेही फारसं कोणी फिरकत नाही.

ही गेल्यापासून वर्षभर कपाटावर पडलेलं बाल्साच्या हलक्या लाकडाचं खेळण्यातलं विमान परवा खाली काढलं. डाव्या पंखाला आम्ही दोघांनी टिश्यू कागद चढवला होता, उजव्याचा नुसता सांगाडा. तो मी एकट्याने मढवला. कागदाचं एक टोक दातात धरलं, हसू नकोस. मग पाण्याचा फवारा मारला, म्हणजे वाळताना कागद ताणून बसतो. आता चूक ऐक. पाणी मारायचो मी, आणि ओला पंख फळीवर वजनाखाली दाबून ठेवायची ही. मी पाणी मारलं आणि सवयीने हात पुसत बाहेर गेलो. परत येतो तर पंखाला पीळ पडलेला.

तसंच मैदानात नेऊन उडवलं. एक गिरकी घेऊन माझ्याच पायाशी पडलं. शेजारचे मास्तर म्हणाले, पाळलेलं दिसतंय.

दोन्ही पंख नव्याने मढव म्हणशील. ते होणार नाही. डाव्याच्या टोकाला, कागदाखाली, गोंदात हिच्या अंगठ्याचा ठसा आहे.

तुझ्याकडे राहायला यायचं पुन्हा काढू नकोस. मी मजेत आहे.

लोभ आहे तेवढा असू दे, उपदेश आवर.

तुझा,
धाकटा

२० जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मजेत असलेली माणसं दातांनी कागद धरत नाहीत. उजवा पंख तेवढा सोडवून पार्सलने पाठव. डाव्याला हात लावू नकोस.

ताई

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ.

पंख सोबत आहे. तुझा कागद सोलला, सांगाडा ओलसर करून सरळ केला. नवा कागद चढवायला यांना बोलावलं. गिझरच्या भांडणावरून आमचा अकरा दिवस अबोला होता. यांनी टोक धरलं, मी दुसरी बाजू. हे म्हणाले, जरा तुझ्याकडे ओढ. मी म्हटलं, जन्मभर तेच करतेय. दोघांना हसू फुटलं आणि कागद फाटला. दुसरा नीट बसला. दिवसभर शब्दकोशाखाली दाबून ठेवला.

यांच्यासमोर कागद धरून उभी असताना सारखा तूच दिसत होतास, दातात टोक धरलेला.

मागची खोली रिकामी आहे. विचारत नाही, कळवते.

ताई

१० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पंख बसवला. विमान सरळ उडालं. इतकं सरळ की मैदान संपलं, कुंपण संपलं, तरी ते आपलं चाललंच. मी सवयीने बाजूला पाहिलं, आणायला कोण जातंय ते ठरवायला. मग गेलो. पीळ पडलेलं होतं तेव्हा निदान पायाशी येत होतं.

गवतात सापडलं. डाव्या पंखाचा कागद काट्याने फाटलाय, ठशापासून दोन बोटांवर. ठिगळ लावायला हवं. आख्खं विमान पार्सलात मावत नाही, म्हणून रविवारी स्वतःच घेऊन येतो. एक कडा तू धर. बोटभर ठिगळाला दुसरा माणूस लागत नाही, हे तुझ्या लगेच लक्षात येईल. आलं तरी बोलू नकोस.

भेटेपर्यंत लोभ जपून ठेव.

तुझा,
धाकटा