आंब्याखालची पहिली इयत्ता

न्खाटा बे, मलावी
२५ मे १९९४

चि. योताम यास एस्नातताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. गेली अठरा वर्षं मी तुला एवढंच लिहीत आले, कारण तुझ्या आधी पत्र कोण फोडून वाचतं हे मला माहीत होतं. आज पहिल्यांदाच फक्त तुझ्यासाठी लिहितेय, तर लेखणी अडखळतेय बघ.

राष्ट्राध्यक्ष म्हातारा गेला. म्हणजे मेला नाही, निवडणूक हरला. तीस वर्षांनी! रेडिओवर हार कबूल केली आणि गप घरी बसला. आम्ही गोळीबाराची वाट बघत होतो, पण कुठे एक टायरसुद्धा जळला नाही.

मतदानाच्या रांगेत माझ्यापुढे मासे विकणारी न्यागोंडवे होती. ती एवढ्या मोठ्याने बोलत होती, की मी सवयीने मागे वळून वळून बघत होते. ती मला म्हणाली, बाई, मान दुखेल तुमची, आता मागे कोणी नाही. सगळी रांग हसली. मीही हसले, पण हसल्यावर पुन्हा एकदा मागे बघितलंच.

बाजाराच्या तोंडाशी पक्षाची पोरं उभी राहून सभासदत्वाचं कार्ड मागायची ना, त्यातला एक आता तिथेच केळी विकतो. न्यागोंडवे रोज त्याला आधी कार्ड विचारते, मग केळी घेते. तो बिचारा ओशाळून एक केळं जास्त देतो. आणि आपली तेम्वा रविवारी पँट घालून चर्चमध्ये गेली! पाद्रीबाबा प्रार्थनेची ओळ विसरले. बायकांच्या पँटबंदीचा कायदा गेल्या वर्षीच उठला होता, पण आपल्या गावात पहिलं धाडस माझ्याच लेकीला व्हायचं होतं.

मी आता शाळेची हेडबाई आहे. आई गेली तेव्हा तुला येता आलं नाही. आता वाट मोकळी आहे, बाळा. ये.

भावजयीला, मुतिंताला, प्रेम सांग. तब्येतीला जप आणि या खेपेला लांबलचक लिही.
तुझी ताई
एस्नात

चिपाटा, झांबिया
१९ जून १९९४

ती. एस्नातताईस योतामचा सा. नमस्कार, वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. आधी पाकिटाच्या कडा तपासल्या. कोणीच फोडलेलं नाही म्हणून काहीतरी चुकल्यासारखंही वाटलं!

तुझ्या आनंदावर मला पाणी ओतायचं नाही. पण इथलाही म्हातारा सत्तावीस वर्षांनी असाच गेला. आम्ही रस्त्यात नाचलो, मुतिंता तर नर्सच्या गणवेशात नाचली. त्याला आता तीन वर्षं होतील. बोलायची मुभा मिळाली, पण मक्याच्या पिठाच्या रांगेत उभं राहून बोलावं लागतं. गिरण्या बंद झाल्या, हॉस्पिटलात सुई पेशंटनेच आणायची. नवे मंत्री जुन्यांच्याच बंगल्यांत राहायला गेले. तेव्हा ताई, तुम्ही मंडळी जरा बेतानेच नाचा.

आणि येण्याचं म्हणशील, तर मी तिथून कसा निघालो ते तू विसरली नसशील. म्हाताऱ्याची गाडी जायची म्हणून शाळेतली सगळी मुलं चार तास उन्हात उभी केली होती. दोन मुली चक्कर येऊन पडल्या. मी माझा वर्ग उचलला आणि झाडाखाली नेऊन बसवला, एवढाच माझा गुन्हा. तिसऱ्या दिवशी पोलीस दारात आणि मी सायकलवरून सीमेपलीकडच्या लुंदाझीच्या वाटेला. पोलिसांना माझ्या नावाची चिठ्ठी कोणी लिहिली ते मला ठाऊक आहे. आमचे हेडमास्तर लेव्हिसन कामांगा. मला भाऊ म्हणायचे. ते अजून गावात आहेत का, तेवढं कळव. ज्या रस्त्याने ते चालतात त्या रस्त्यावर मला पाय ठेवायचा नाही.

मुतिंता म्हणते, ताईंना तळ्यातली सुकवलेली उसिपा मासळी पाठवायला सांगा, इथल्या बाजारात त्या नावाखाली नुसते काटे मिळतात.

राग मानू नकोस, मानलास तर पत्रातच मान.
तुझा
योताम

न्खाटा बे
१६ ऑक्टोबर १९९४

चि. योताम यास अनेक आशीर्वाद.

सोबत उसिपाची पिशवी आहे. मुतिंतालाच दे, वाटेत फस्त करू नकोस.

नव्या सरकारने प्राथमिक शाळेची फी माफ केली, हे रेडिओवर ऐकलंच असशील. पण रेडिओवर ऐकणं वेगळं आणि सकाळी कुलूप काढायला जाऊन बघणं वेगळं. फाटकापासून थेट जेटीच्या वळणापर्यंत माणसंच माणसं! गेल्या वर्षी आमची तीनशे दहा मुलं होती. आज हजेरीपटावर अकराशे चाळीस आहेत. नुसती पहिली चारशेवीसची, आणि शिक्षक आम्ही सात. एका बाईने तीन मुली आणल्या, नऊ, अकरा आणि चौदा वर्षांच्या. तिघींना पहिलीतच घाला म्हणाली. आजवर फी फक्त त्यांच्या भावांची भरली गेली होती. थोरलीचं नाव तियाम्बे. ती सहा वर्षांच्या चिल्ल्यापिल्ल्यांत गुडघे पोटाशी घेऊन बसते, कोणाकडे नजर वर करून बघत नाही, पण उठून जातही नाही.

एक वर्ग चर्चमध्ये, एक जाळी वाळवायच्या छपरात, आणि पहिली आंब्याखाली. फळे दोन, खडू संपलेले. भिंतीला पांढरी माती फासून त्यावर कोळशाने लिहितो. तू विचारशील, हीच का तुमची नवी राजवट? हो, हीच. पुस्तकं नाहीत, बाकं नाहीत, पण पोरं आहेत.

आता जे लिहायचं ते लिहिते. वरून हुकूम आला, की निवृत्त शिक्षक मिळतील तिथून घ्या. पहिला माणूस आला तो लेव्हिसन कामांगा. मी त्याला बसही म्हटलं नाही. तो उभ्यानेच बोलला. म्हणाला, एस्नात, ती चिठ्ठी मीच लिहिली. वरून नावं मागितली होती, एकही दिलं नसतं तर माझं गेलं असतं. हे आधी सांगितल्याशिवाय काम मागायची लाज वाटत होती. आता दे नाहीतर नको देऊ.

मी त्याला फाटक दाखवलं. दोन दिवसांनी आणखी साठ मुलं आली. तिसऱ्या दिवशी मीच त्याच्या घरी गेले.

पहिली त्याच्याकडे दिली आहे. चांगली शिकवतो. तू रागावणार, खुशाल रागाव. पण त्या तियाम्बेला मी काय सांगू, की माझ्या भावाचं भांडण मिटलं की तुला अक्षर शिकवते?

शिव्या घालायच्या तर घाल, पण लिहायचं थांबवू नकोस.
तुझी ताई

चिपाटा
५ नोव्हेंबर १९९४

ती. ताईस,

तू त्याच्या हातात खडू दिलास. आई गेली तेव्हा मी इथे नदीकाठी एकटा बसलो होतो, तो कोणामुळे, ते तुला माहीत होतं. मी येणार नाही. बाकी ठीक.
योताम

(याच पाकिटात, वेगळ्या अक्षरात)

ती. ताईंना मुतिंताचा नमस्कार.

उसिपा पोचली, निम्मीच. वरचं पत्र पाचवं आहे, आधीची चार फाडली आणि त्यांतली भाषा तुम्हाला न दाखवलेलीच बरी. राग खरा आहे, ताई. पण रोज संध्याकाळी तुमचाच रेडिओ लावून बसतात आणि तुमच्या वर्गांची संख्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मला वाटतं, ह्यांना कामांगांपेक्षा दुसरीच भीती आहे. आपल्यावाचून सगळं चाललं, आता आपलं तिथे काय काम, ही. आर्जवाने ते यायचे नाहीत. हा माणूस जन्मभर फक्त शाळेचा हुकूम ऐकत आला आहे.

नमस्कार मोठ्यांना, लहानांना माझी आठवण.
मुतिंता

प्राथमिक शाळा, न्खाटा बे
२८ नोव्हेंबर १९९४

श्री. योताम म्फांडे, सहशिक्षक, यांस,

आपणांस कळविण्यात येते, की आपण मार्च १९७६ पासून विनापरवानगी गैरहजर आहात. कोणताही रजेचा अर्ज कार्यालयास मिळालेला नाही. तरी दि. ९ जानेवारी रोजी सकाळी सात वाजता कामावर रुजू व्हावे. कसूर केल्यास आपली मोठी बहीण स्वतः चिपाटा येथे येईल, याची नोंद घ्यावी.

एस्नात म्फांडे
मुख्याध्यापिका

न्खाटा बे
२२ जानेवारी १९९५

प्रिय मुतिंता,

पोचून दोन आठवडे झाले आणि मी आज लिहितोय, म्हणजे तुझा राग मला इथून दिसतो आहे.

सीमेवर मी गेली अठरा वर्षं तयार केलेली उत्तरं मनात घोकत उभा होतो. कारकुनाने नाव बघितलंही नाही. शिक्का मारला आणि पुढच्या बाईला म्हणाला, बाई, कोंबडी पिशवीत घाला. मी बाहेर येऊन एका दगडावर बसलो. हसावं की रडावं कळेना.

ताई म्हातारी झाली आहे. तिने मिठीबिठी मारली नाही. घड्याळ बघितलं आणि म्हणाली, सात वाजून दहा मिनिटं झाली. मग मात्र खांद्यावरच्या कापडाचं टोक तोंडाला लावलं.

कामांगांना काय काय सुनवायचं ते मी बसमध्ये पाठ करून आलो होतो. आंब्याखाली गेलो तर समोर चारशेवर पोरं आणि त्यांच्यात एक वाळका म्हातारा. त्यांचा आवाज पार बसला होता, घशातून नुसती हवा येत होती. मला बघून ते उठले आणि काठी बाजूला ठेवली. म्हणाले, तू येशील म्हणून रोज बघत होतो, आता काय म्हणायचं ते पोरांसमोर म्हण. मुतिंता, मी झाडाखाली पुढे सरकलो. पोरं कालवा करायला लागली. एक पिकला आंबा नेमका माझ्या डोक्यात पडला, तर सगळा वर्ग खिदळला. मी ओरडलो, गप्प बसा! आणि चारशे पोरं गप्प बसली. कामांगा हळूच म्हणाले, आवाज अजून तसाच आहे तुझा.

मी त्यांना माफ केलेलं नाही. त्यांनी मागितलंही नाही. आम्ही वर्ग वाटून घेतला, झाडाच्या अलीकडची मुलं माझी, पलीकडची त्यांची. कामापुरतं बोलतो. परवा त्यांनी आलं घालून उकळलेलं पाणी आणलं आणि अर्धं माझ्या कपात ओतलं. मी प्यायलो. इतकंच झालं आहे, याहून जास्त विचारू नकोस.

देशाचं विचारशील तर सांगणं कठीण आहे. मका कमी पिकला. आमचं चलन, क्वाचा, रोज घसरतं. नवे साहेब नव्या गाड्यांतून धूळ उडवत जातात. न्यागोंडवे बाजारात उभी राहून त्या साहेबांची नावं घेऊन हजेरी घेते आणि शेजारच्या चौकीतला पोलीस तिच्याकडूनच मासे घेतो. मी तिथे उगीच रेंगाळतो, फक्त ऐकायला. काल तियाम्बेने भिंतीवर स्वतःचं नाव लिहिलं. एक अक्षर उलटं होतं, ते मी पुसू दिलं नाही.

मला राहायचं आहे. पण मी राहिलो तर परकी तू होशील. ते ओझं मी वाहिलं आहे, तुझ्यामुळे हलकं झालं म्हणून वाहता आलं. तू नाही म्हणालीस तर सहामाही संपताच परत येईन आणि तोंड वाकडं करणार नाही. उत्तर तुझ्या मनातलं लिही, माझ्या मनातलं नको.

तुझाच
योताम

चिपाटा
९ फेब्रुवारी १९९५

प्रिय योताम यांना,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी हॉस्पिटलचा राजीनामा देऊन घरी परतत होते. तुम्ही तोंड वाकडं करणार नाही, हे वाचून शेजारणीसुद्धा हसल्या.

घाबरले नाही असं लिहिणार नाही. इथे माझ्या बहिणी आहेत, हाक मारली की ओ देणारी गल्ली आहे. शिवाय माझी इथली बोली तोंगा आणि तुमची तिकडचीही तोंगा, नाव एक आणि शब्द एकही कळत नाही! अठरा वर्षं तुम्ही ती माझ्याशी कधी बोलला नाहीत, आठवण येईल म्हणून. आता भरपाई करा.

अठरा मार्चच्या बसने येते. आणायचं काय ते कळवा, खडूच्या चार पेट्या मी आधीच बांधल्या आहेत. ताईंना सांगा, हजेरीपटावर पहिलीत एक नाव वाढवा, वय पन्नास. आणि बसवायचं तर त्या तियाम्बेशेजारी बसवा, तिलाही कोणी मोठं सोबतीला हवं असेल.

बाकी भेटीत. तोवर लोभ आहे तसाच ठेवा.
तुमची
मुतिंता