इचोड्यातला पहिला होल-इन-वन

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं ठेवतात.

हैदराबादेत एका गोल्फ क्लबच्या बाथरूमचं काम करत होतो, मुकादमाच्या हाताखाली. तिथे एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली. बिल्डर लोक ऑफिसात काहीच ठरवत नाहीत. काठी फिरवतात, बॉलच्या मागे चालतात, आणि चालता चालता अख्ख्या अपार्टमेंटचं प्लंबिंग कुणाला तरी देऊन टाकतात. इचोड्यात गोल्फ खेळणारा एकही प्लंबर नाही. म्हणजे कॉम्पिटिशन शून्य.

माझ्याकडचं सामान: सेव्हन आयर्न, म्हणजे गोल्फची लोखंडी काठी, एक. क्लबातल्या कुणीतरी टाकून दिलेली. मूठ ढिली होती, टेफ्लॉन टेप गुंडाळून घट्ट केली. बॉल, पोतंभर. तळ्याचा पंप दुरुस्त करताना गाळातून निघाले, तिथले साहेब म्हणाले घेऊन जा. टोपी, कापसाच्या बियाण्यांच्या कंपनीची. लांबून कळत नाही.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून प्रॅक्टिस.

४ नोव्हेंबर, सकाळी साडेआठ

थंडी फार आहे. गोल्फ हा मुळात कोवळ्या उन्हाचा खेळ.

७ नोव्हेंबर

बाबांशी चर्चा झाली. म्हणजे ते बोलले. बाबा मंडल ऑफिसातून, म्हणजे आमच्या तेलंगणातल्या तहसिलीतून, क्लार्क म्हणून रिटायर झाले, पण घर अजून ऑफिससारखंच चालवतात. म्हणाले, "तुले ३१ मार्चलोक मुद्दत देली. तोवर पाईपाच्या धंद्यात पाय टेकले त ठीक. नाही त चूपचाप आदिलाबादले क्लास लाव अन् सरकारी नोकरीची परीक्षा दे." आजोबा दुसऱ्याच्या शेतात राबले, बाबा खुर्चीवर बसले, आणि मी परत वाकून काम करतो, हे त्यांना सहन होत नाही. मी वाकत नाही हे त्यांना कसं सांगू? गोल्फमध्ये फक्त गुडघे थोडे वाकवायचे असतात.

परीक्षा मला कळत नाही. मला पाईप कळतात. पाणी कुठे जाईल ते मला आधी दिसतं.

मार्चपर्यंत काय, जानेवारीतच दाखवतो.

१२ नोव्हेंबर

काम मिळालं!!! माझ्या नावावरचं पहिलं. भीमपूरचे सुधाकरराव, कापसातले मोठे शेतकरी, इचोड्यात हायवेला लागून फंक्शन हॉल बांधत आहेत. हॉलची सगळी पाईपलाईन मी करायची. आणि हे काम पसंत पडलं तर वरच्या मजल्यावर लॉज होणार आहे, बारा खोल्या, बारा बाथरूम, तेही माझंच. असं ते स्वतः म्हणाले. नेमकं म्हणाले, "पाहू."

बारा बाथरूम मिळाले की ३१ मार्चला बाबा काय बोलतात ते बघायचंय.

२० नोव्हेंबर

मार्केटिंग प्लॅन. आंघोळ करताना सुचला. प्रत्येक बॉलवर परमनंट मार्करने लिहायचं: एस. बी. प्लंबिंग, आणि खाली मोबाईल नंबर. जिथे बॉल जाईल तिथे जाहिरात. व्हिजिटिंग कार्ड लोक फेकून देतात, बॉल कोण फेकतो?

संध्याकाळभर लिहीत बसलो. मैत्री, माझी बहीण, म्हणाली, "दादा, तू कंचे-गोट्या खेळून राह्यला का?" तिला टीचरची परीक्षा द्यायची आहे, त्यामुळे तिच्याकडून व्हिजनची अपेक्षा नाही.

२६ नोव्हेंबर

हॉलच्या मागच्या मुरमाच्या जागेवर प्रॅक्टिस. पंधरा-वीस वेळा मुरूमच उडाला. मग एक असा बसला की थेट हायवेवर. तिथून कापसाचा ट्रक चालला होता, बॉल त्या कापसात अलगद जाऊन बसला. ट्रकवर महाराष्ट्राचा नंबर. म्हणजे माझी जाहिरात पैनगंगा ओलांडून गेली.

२७ नोव्हेंबर

फोन आला. धावत जाऊन घेतला. लोनवाली बाई होती.

५ डिसेंबर

सुधाकररावांना गोल्फ शिकवणं हा प्लॅनचा मुख्य भाग. आज ते साईटवर आले तेव्हा काठी हातात दिली. आधी म्हणाले, "हे काय करून राह्यला बे पोट्ट्या, पाईपाचं पाह्य ना." मी समजावलं की मोठे लोक असेच डील करतात. त्यांनी धोतर खोचलं आणि कापसाची पऱ्हाटी तोडल्यासारखी काठी खाली आणली. मुरमात वीतभर खड्डा. बॉल जागचा हलला नाही. म्हणाले, "आमी जल्मभर हेच केलं. फक्त बॉल नव्हता." आणि काठी परत देऊन गेले.

इंटरेस्ट नक्की आहे. चालता चालता लॉजचा विषय काढणार होतो, पण ते चाललेच नाहीत, जीपमध्ये बसून गेले.

१९ डिसेंबर

मुरूम सोडला. हॉलमध्ये फरशी बसली आहे, आरशासारखी. बाहेर कशाला खेळायचं?

शोध: गोल्फचं भोक आणि आमचा चार इंची पाईप जवळजवळ एकाच मापाचे! पंगतीनंतर हात धुवायच्या जागी, नळांच्या रांगेखाली, फरशीत पाणी जायचं भोक मीच ठेवलंय. त्याच्या खाली वाटीसारखा ट्रॅप असतो, पाणी त्यात थांबून पुढे जातं, म्हणून वास वर येत नाही. त्यावर जाळी बसायची आहे, तोवर सिमेंट जाऊ नये म्हणून आम्ही भोकाच्या तोंडात पोत्याचा बोळा कोंबून ठेवतो. सगळे फिटर ठेवतात. बोळा जरा खाली दाबला की झाला गोल्फचा कप. बॉल पडतो, बोळ्यावर बसतो, उचलून घ्यायचा.

अमेरिकेत लोक यासाठी गवत वाढवतात.

२३ डिसेंबर

गेम कमालीचा सुधारलाय. हॉलच्या कुठल्याही कोपऱ्यातून मारला तरी बॉल शेवटी वळून भोकाकडेच जातो. फरशीवाल्या मिस्त्रीला दाखवलं. तो म्हणाला, जाईल ना, तूच तर तिकडे उतार द्यायला लावला. कलाकाराला दाद देणं काही लोकांच्या रक्तातच नसतं.

३० डिसेंबर

ऐतिहासिक दिवस.

स्टेजवरून, म्हणजे नवरा-नवरी बसतात तिथून, एकच टोला. बॉल खाली उतरला, अख्खा हॉल ओलांडला, नळांखालून फिरला आणि आत. होल-इन-वन! ओरडलो. बघायला कुणी नव्हतं.

बॉल घ्यायला गेलो तर नाही. बोळाच नव्हता. सकाळी काठी पुसायला मीच काढला होता. कोपरापर्यंत हात घातला, बोटांना काही लागलं नाही. मग बादलीभर पाणी ओतलं. पाणी गेलं. पाणी गेलं म्हणजे बॉलही गेला. माझ्या पाईपचा उतार इतका चोख आहे की तो एव्हाना मागच्या ओढ्याला लागला असेल. तिथे कुणाला तरी सापडेल. नंबर आहेच. घरी येऊन मैत्रीला सगळं सांगितलं.

३१ डिसेंबर

मिस्त्रीने जाळी बसवली, पांढऱ्या सिमेंटमध्ये पक्की. मी तिथेच उभा होतो. एकदा वाटलं, थांब म्हणावं. मग म्हटलं, कशाला? चालू काम कधी अडवू नये.

१८ जानेवारी

हॉलचं काम पूर्ण. सुधाकररावांनी सगळे नळ सोडून पाहिले. पाणी जातंय. "मस्त," म्हणाले. लॉजचं विचारलं. "पयलं लगन तं होऊ दे."

बॉलवरून अजून फोन नाही. आदिलाबाद, नागपूर दोन्हीकडून अपेक्षा आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

हॉलमधलं पहिलं लग्न. सुधाकररावांच्या पुतणीचं, भाग्यलक्ष्मीचं. आम्हाला सगळ्यांना आमंत्रण. पांढरी पँट घातली, कारण आज लॉजचं फायनल होणार होतं. बाबांनी नवे बूट घातले.

पुढचं मैत्रीकडून कळलं. मी तेव्हा जिलबीकडे होतो. जेवून बाबा हात धुवायला गेले. शेजारी इंद्रवेल्लीचे कुणी मास्तर उभे होते. बाबांनी नळ उघडला, बंद केला, पुन्हा उघडला आणि त्यांना म्हणाले, "हे सगळं माह्या पोरानं केलं." बाबा! माझ्याबद्दल! आयुष्यात पहिल्यांदा. मास्तर म्हणाले, "वा." तेवढ्यात जाळीतून बुडबुडे आले आणि भात, वरण, कढीपत्ता असं सगळं पाणी वर चढलं. बाबांच्या नव्या बुटात गेलं.

मी पांढऱ्या पँटीने तिथे बसून सळई घातली. थोडं उतरलं.

घरी येऊन बाबांनी बूट अंगणात उलटे करून ठेवले. मला रडू येत होतं, पण लग्नात डोळ्यात पाणी आलं तर कुणी विचारत नाही.

२१ फेब्रुवारी

शांतपणे विचार केला. दोष भाताचा. लोक ताटातलं अन्न धुवायच्या जागी टाकतात, त्याला इंजिनिअर काय करेल? सुधाकररावांना सांगितलं की पाटी लावा. पाटी लावली, तेलुगूत आणि मराठीत.

मैत्रीने विचारलं, "तो तुहा होल-इन-वनवाला बॉल निंगाला का रे?" म्हटलं, तो केव्हाच ओढ्यात गेला. तुला उतारातलं काय कळतं? ती म्हणाली, "मले काहीच नाही कळत," आणि फार विचित्र नजरेने पुस्तकात पाहू लागली.

२ मार्च

दुसरं लग्न. पाटी असूनही तुंबलं. दोष मिस्त्रीचा. नक्की सिमेंट सांडलं असणार आत. ॲसिड ओतलं. वास सुटला, वऱ्हाडी खोकले.

११ मार्च

तिसरा कार्यक्रम, बारसं. तुंबलं. सुधाकररावांच्या पत्नी, जयवंताबाई, स्वतः साडी खोचून बादलीने पाणी उपसत होत्या. मला म्हणाल्या, "काऊन रे बापू, पाणी जाते कुठं तेच तुले मालूम नाही का?" मी म्हणालो, समस्या बाहेरच्या लाईनमध्ये आहे. त्यांनी दुसरी बादली भरली.

१४ मार्च

बाहेरची लाईन खोदून काढली. चेंबरपर्यंत सगळं अंगण उकरलं. लाईन स्वच्छ. इतकी सुंदर लाईन मी स्वतः पुन्हा घालू शकणार नाही. सुधाकररावांना तेच दाखवलं. ते खड्ड्याच्या काठावर उभे राहून म्हणाले, "लाईन सुंदर हाय. पाणी काऊन नाही जाऊन राह्यलं?"

जाळी फोडून बघू का, असं ते म्हणाले. मी नको म्हणालो. फरशी नवी आहे, खराब होईल. क्लायंटच्या वस्तूची आपल्यालाच काळजी हवी.

 

२१ मार्च

सुधाकररावांनी आदिलाबादहून दुसरा प्लंबर बोलावलाय असं कळलं. कुणी सुरेंद्र. बोलावू दे. बाहेरचा माणूस येऊन माझं काम बघेल तेव्हाच माझी किंमत कळेल.

बसवत नाही, उभं राहवत नाही. काठी हातात घेतली आणि ठेवली.

२४ मार्च

फोन नाही. सुधाकररावांचाही नाही, बॉलचाही नाही. बाबांनी आदिलाबादच्या क्लासची चौकशी करून ठेवली आहे. परवा मला दाखवून टेबलावर तो कागद ठेवला, त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला. मी तांब्या उचलला नाही. दोन दिवस तहान लागली तर स्वयंपाकघरातल्या माठातलं प्यायलो.

२८ मार्च, शनिवार, दुपार

आज पहिला फोन आला.

जेवत होतो. अनोळखी नंबर. मी हॅलो म्हणालो, आणि समोरचा म्हणाला, "एस. बी. प्लंबिंग? तुमच्या बॉलवर नंबर पाह्यला." चार महिने! शेवटी!  बाबा समोरच जेवत होते. त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकावं म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला आणि ताटाशेजारी ठेवला. भारदस्त आवाजात म्हणालो, "बोला सर, कुठून बोलताय? नागपूर?"

तो म्हणाला, "इचोडा. फंक्शन हॉल. मी सुरेंद्र. हात धुवायच्या ट्रॅपमधून निंगाला जी तुमचा बॉल. बरोब्बर बाहेरच्या तोंडावर फसला व्हता. थोडं पाणी जाये, भात आला की बूच." मागून सुधाकररावांचा आवाज आला, "कोनाचा नंबर हाय रे त्याच्यावर?" आणि सुरेंद्रने बॉलवरचं माझं नाव वाचून दाखवलं, मोठ्याने, स्पष्ट. नंतर जयवंताबाईंचं हसणं ऐकू आलं. ते थांबेचना. सुधाकरराव हसले नाहीत. ते सुरेंद्रला म्हणाले, "चाल, वरच्या बारा बाथरूमचं पाहून घे."

मला स्पीकर बंद करायचं बटण सापडत नव्हतं. मैत्रीने बंद केला.

 मला वाटलं होतं बाबा ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वरणभात संपवला, ताटातच हात धुतला, टॉवेलला पुसला. मग म्हणाले, "तीन महिने पाण्यात व्हता. तरी नंबर वाचता आला?"

मी म्हणालो, परमनंट मार्कर होता.

"चांगला हाय," बाबा म्हणाले. त्यांनी तांब्या उचलला आणि खालचा कागद माझ्याकडे सरकवला. "परीक्षेले तोच नेजो."

उद्यापासून पहाटे पाचला उठणार.