दुःखाला मनाई असलेली हिरवळ

प्रिय नाना,

काल संध्याकाळी बापू घरी आले होते. तुमच्यानंतर कॉलनीच्या सोसायटीचे अध्यक्ष तेच झाले. पुढच्या महिन्यात तुमचं वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशी आपल्या ओपन स्पेसला तुमचं नाव द्यायचं त्यांनी ठरवलंय. फलकासाठी तुमचा फोटो हवा होता. शिवाय, "तू लिहिणारी आहेस बेटा, रविवारच्या मीटिंगपर्यंत चार चांगल्या ओळी दे," म्हणाले. कार्यक्रमाचा मांडवही तिथेच, हिरवळीवर टाकू, असं वर सांगितलं.

वर्तमानपत्रात इतकी वर्षं काढली, माझ्यामुळे पान कधी अडलं नाही. या चार ओळी मात्र मला लिहिता येत नाहीत. म्हणून हे पत्र लिहिते आहे. मला राग आलाय नाना, आणि तो बापूंचा नाही, तुमचा आहे.

तुम्ही गेलात तो वैशाखातला दिवस तुम्हाला कसा माहीत असणार? शहाद्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको. दारावर माणसं यायला सुरुवात झाली होती. आपल्या घरासमोर सावली नाही, म्हणून मी मांडववाल्याचा टेम्पो ओपन स्पेसकडे वळवला. फाटकाशी बापू हात जोडून उभे.

"आठे मांडव टाकता येणार नही, बेटा. नियम शे."

फाटकावरचा तो बोर्ड मी शंभरदा पाहिला असेल. 'फुले तोडू नयेत' याच्या पुढे कधी वाचलं नव्हतं. त्या दिवशी वाचलं. 'हिरवळीवर दुःखाचे कार्यक्रम करू नयेत.' वडील घरात चादरीखाली आहेत आणि मुलगी रस्त्यात उभी राहून बोर्ड वाचते आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणा जरा.

माणसं डांबरावर बसली. म्हसावदचे मामा डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसले होते, तरी त्यांना भोवळ आली. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या घराचं फाटक उघडलं. पावरा सरांचं घर. आश्रमशाळेत शिकवतात, मूळचे धडगावच्या वरच्या डोंगरातले. त्यांनी मोटारसायकल बाहेर काढली आणि मांडववाल्याला हाक मारली. "इकडे घे रे. अंगण माझं आहे, सोसायटीचा ठराव लागत नाही." हे शेवटचं ते बापूंकडे बघून म्हणाले.

पुढचे सगळे दिवस आपल्या दारावर, दुःखाला भेटायला येणारी माणसं सरांच्या अंगणात बसली. त्यांच्या मॅडम पाण्याच्या कळश्या आणत राहिल्या. सुतक फिटायची तुमची गंधमुक्तीही तिथेच झाली. लोक उठून तुमच्याबद्दल बोलले. नानांनी कॉलनी कशी राखली, नानांना शिस्त कशी होती. मी ऐकत होते आणि मनात बापूंना शिव्या देत होते. तुमच्यानंतर नाशिक सोडून आईजवळ राहायला आले ती तो राग घेऊनच. वर्षभर ते समोरून दिसले की मी रस्ता बदलत होते.

म्हणून काल त्यांना विचारलं, "त्या दिवशी नियम होता. आता कुठे गेला?"

"नानांसाठी अपवाद करू."

"मग तेव्हा का नाही केलात?"

बापूंनी कप खाली ठेवला. आईकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर बघत होती. मग ते अहिराणीत, हळू आवाजात म्हणाले, "नियम नानास्नीच करेल शे, बेटा. त्यास्ना मांडवसाठी त्यास्नाच नियम मोडाना? मन्ही हिंमत नही व्हयनी."

कळतंय का नाना? नियम तुम्हीच केलेला, आणि तुमचा मान राखायचा म्हणून त्या माणसाने तुमचा मांडव अडवला. आणि मी वर्षभर भलत्याच माणसावर रागावले.

बापू गेल्यावर आईला बसवून सगळं विचारलं. पावरा सरांनी घर घेतलं त्याच वर्षी त्यांची आई वारली. घाटातून जीप भरून नातलग आले. तेवढी माणसं घरात मावणार कुठे? ती ओपन स्पेसमधल्या निंबाखाली बसली. बायका सूर लावून रडल्या. तीन दगड मांडून भात-डाळ शिजवली, आल्या-गेल्याला वाढली. कार्य उरकल्यावर जागा झाडून ते डोंगरात परत गेले. मागे राहिले ते चुलीचे काळे डाग, तुम्ही नुकत्याच लावलेल्या हिरवळीवर.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मीटिंग बोलावलीत. "कॉलनीला एक दर्जा असतो," म्हणालात. सरांचं नावही घेतलं नाहीत. सगळ्यांसाठी सारखा नियम केलात, म्हणजे कोणाला बोट दाखवायला जागा नको. किती व्यवस्थित काम. सरांचं घर सोडलं तर तोवर आणि त्यानंतरही कॉलनीत कोणी गेलं की माणूस मूळ गावी नेत असत, क्रियाकर्म तिकडेच. नियम कोणाला टोचलाच नाही. नियमानंतर शहाद्यातच सगळं करायचं म्हणणारं पहिलं घर आपलं निघालं.

हिरवळीची काळजी होती म्हणता? मग नवरात्रात नऊ रात्री तिच्यावर गरबा कसा चालतो? हळदीला डीजेची गाडी आत येते, तेव्हा गवत मरत नाही का? वाढदिवसाचा केक सांडलेला चालतो. आईसाठी शिजवलेला भात चालत नाही. हे कोणत्या शेतीच्या पुस्तकात लिहिलंय?

आणि हे तुम्ही करावं? मला आठवतं, याच जागेवर दुकानांचे गाळे काढायला कोणीतरी विटांची ट्रॉली आणली होती. तुम्ही बनियनवर ट्रॅक्टरसमोर जाऊन उभे राहिलात. ड्रायव्हर म्हणाला, "बाबा, जागा तुन्ही शे का?" तुम्ही म्हणालात, "कोणाचीच नाही, म्हणून सगळ्यांची आहे." मी तेव्हा कॉलेजात होते. मैत्रिणींना ते वाक्य ऐकवत फिरले. पुढे बातम्या लिहिताना कुठे सार्वजनिक जागा बळकावली दिसली की माझ्या डोळ्यांपुढे ते बनियन यायचं. गटारीतलं प्लास्टिक तुम्ही स्वतःच्या हाताने काढायचात. रोज हिरवळीला पाणी घालायचात म्हणून पोरं 'पाईपवाले नाना' असं चिडवायची आणि तुम्ही त्यांच्याच अंगावर पाणी उडवायचात. हा माणूस खरा होता ना? मग दगड मांडून चूल पेटवणारी माणसं 'सगळ्यांची' मधून बाहेर कशी पडली?

दुकानदार जागा गिळायला आले होते. ही माणसं तर फक्त रडायला बसली होती.

रात्री मी आईला म्हटलं, रविवारी मी हे मीटिंगमध्ये बोलणार. आई तडकली. "गेलेल्या माणसाचं चारचौघांत काढतेस? तू उद्या नाशिकला निघून जाशील. मला इथेच दळण आणायचंय, इथल्याच बायकांत बसायचंय. आणि ज्यांचं दुःख होतं, त्यांना विचारलंस का?"

आई रागातही नेमकं तेच बोलते जे मला सुचायला हवं होतं. आज सकाळी सरांकडे गेले. ते अंगणात मोटारसायकल धूत होते.

"सर, तो नियम तुमच्यामुळे केला होता, हे तुम्हाला माहीत होतं?"

"मी मीटिंगला होतो ना ताई. सभासद आहे मी. नाना म्हणाले, सर, मनाला लावून घेऊ नका, हे सगळ्यांसाठी आहे. मी म्हटलं, बरं."

"मग आम्हाला अंगण का दिलंत?"

"एक तर तुमचे मामा उन्हात पडले असते. दुसरं म्हणजे, बापूंचं तोंड बघायचं होतं." ते हसले. मग फडकं पिळत ते म्हणाले, "राग नव्हता असं नाही. तुमचे नाना रोज सकाळी पाईप धरून माझ्या खिडकीसमोरच उभे राहायचे. काही सकाळी मी खिडकी उघडलीच नाही."

नाना, तुम्हाला ती बंद खिडकी कधी दिसली का? एखाद्या सकाळी पाईप खाली ठेवून दार वाजवावं, असं वाटलं का? बारा पावलंही नसतील हो.

रविवारी मीटिंगमध्ये हे बोलू का, असं मी विचारलं. सरांनी फडकं सीटवर टाकलं. "बोला. पण 'आदिवासी बांधवांवर अन्याय' असलं भाषण नको. पेपरात ते खूप वाचलंय. माझी आई गेली होती, एवढंच सांगा. सायकीबाई नाव होतं तिचं."

मी घरी आल्यावर आईने सांगितलं, तुम्ही सायकीबाईंना नुसतं 'सरांची म्हातारी' म्हणायचात. संध्याकाळी ती निंबाखाली येऊन बसायची आणि तुम्ही तिला रामराम करायचात. रामराम करत होतात, आणि नाव विचारलं नाहीत.

आई अजून माझ्याशी नीट बोलत नाहीये. दुपारी ताट वाढलं, पण समोर बसली नाही. तिचं चुकतंय असं मी म्हणत नाही. या कॉलनीत तिच्याजवळ तुमचं नाव तेवढं उरलंय आणि मी त्यालाच हात घालते आहे. तरी तुम्हाला शब्द देते. रविवारी मी उभी राहीन आणि मोठ्याने सांगेन, की हा नियम माझ्या वडिलांनी केला, सायकीबाईंच्या दुःखाला बसलेली माणसं त्यांना खपली नाहीत म्हणून केला, आणि तो चूक होता. आणि बापूंना म्हणेन, अपवाद नको, नियमच काढा. नाही काढलात तर फोटो मिळणार नाही, आणि नानांचं वर्षश्राद्ध आम्ही पुन्हा रस्त्यावर, उन्हात करू.

बापू तुमच्या शब्दाबाहेर जायला अजून घाबरतात. इतकं वजन तुम्ही मागे ठेवून गेलात नाना. ते सगळं मी तुमच्याच नियमावर टाकणार आहे.

तुमच्यावर रागावलेली, तरी तुमचीच,
सुनंदा