गोष्ट अडकते, असं ते म्हणतात

बा, तुझी रुसलेल्या तलावाची गोष्ट मी परक्या लोकांना सांगितली, आणि त्यांना ती पटलेली नाही. हे तुला कसं सांगावं याच विचारात सकाळपासून बसले आहे. आज रविवार, ऑफिसात माझ्याशिवाय कोणी नाही, टेबलावरचा चहा गार होऊन त्यावर साय धरली आहे. उद्या सकाळी मालक येईल तेव्हा त्या गोष्टीचं काय करायचं ते मला ठरवून सांगायचं आहे. डब्यातली पोळीसुद्धा तशीच पडली आहे.

आधी मी काय काम करते ते तुला सांगायला हवं, कारण तू गेलास तेव्हा असलं काम असतं हे मलाही माहीत नव्हतं. तू संगणक पाहिलास तो एकदाच, ब्रह्मपुरीच्या बँकेत, आणि तिथल्या साहेबांना विचारलंस की ह्या टीव्हीवर बातम्या काऊन नाही लागत. तर तसल्याच टीव्हीवर खेळायचे खेळ आम्ही हैदराबादेत बसून बनवतो. माझ्या खेळात तुझीच धिवराची पोरगी आहे, खांद्यावर जाळं घेतलेली. तिला चालवतो खेळणारा. कुठल्या वाटेने जायचं, कोणाशी भांडायचं, कोणाला गोड बोलायचं, सगळं त्याच्या हातात. गावाने कधी विचारपूस केली नाही म्हणून रुसलेला तलाव एका सकाळी आपलं पाणी चटईसारखं गुंडाळतो, काखेत मारतो आणि चालू लागतो. पोरगी त्याची समजूत काढायला निघते. तुझा खेकडा तलाठी आहे, स्वतः तिरपा चालतो म्हणून सगळ्यांची शेतं तिरपी मोजणारा. एका पायावर उभा राहून हजामत करणारा बगळाही आहे. आणि प्रत्येक फाट्यावर एक म्हातारा जाळं विणत बसलेला आहे, तो पुढची गोष्ट सांगतो.

तो म्हातारा तू आहेस, हे सांगायला नकोच.

घोळ झाला तो त्या म्हाताऱ्यापाशी. मी त्याला अगदी तुझ्यासारखा केला. उन्हाळ्यात तलाव आटला की तू मोहाच्या झाडाखाली फाटकी जाळी घेऊन बसायचास आणि मी समोर. बांबूची सुई आत-बाहेर चालली आहे, तोंडाने गोष्ट चालली आहे. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो म्हणून माय घरातून ओरडते आहे, आणि तू शांतपणे म्हणतो आहेस की तुझा भाऊ तसाही पिऊन चुकतोच. दोन-चार वाक्यं झाली की तू थांबायचास. मी ‘हूं’ म्हटलं की पुढे. नाही म्हटलं तर सुईही थांबायची. झोपलीस का, लक्ष कुठे आहे, असं तू कधीच विचारलं नाहीस. मी खारीमागे पळून जायचे, चिंचा पाडायचे, परत यायचे, तर तू तिथेच, त्याच वाक्यावर. मी ‘हूं’ म्हणायचे आणि तलाव पुन्हा चालायला लागायचा.

खेळातला म्हातारा तसाच थांबतो. खेळणाऱ्याने एक बटण दाबायचं, की पोरगी ‘हूं’ म्हणते आणि म्हातारा पुढे बोलतो. पण बटण दाबा, असं आम्ही कुठेच लिहिलं नाही. लिहायचं असतं हे सुचलंच नाही कोणाला! माझ्या शेजारी बसून चित्रं काढणारी मुलगी करीमनगरची, तिची आजी तेलुगूत गोष्ट सांगायची तेव्हा तीही तशीच हुंकार द्यायची. संगीत देणारा मुलगा सिरोंच्याचा. आम्ही सगळ्यांनी खेळ कितीदा खेळून पाहिला, आणि म्हातारा थांबला की सगळ्यांची बोटं आपोआप बटणावर. गोष्ट ऐकताना हूं म्हणायचं असतं हे काय शिकवावं लागतं? श्वास घे म्हणून सांगण्यासारखंच ते.

मग खेळ बाजारात आला आणि समीक्षा यायला लागल्या. समीक्षा म्हणजे, वडशाला नाटक पाहून परतताना बैलगाडीत तुम्ही लोक करायचात तेच, फक्त छापून. झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांचं बरं असतं. लोक कंटाळले की तिथेच बोंब मारतात, रंगले की तिथेच बक्षीस लावतात, पहाटेपर्यंत निकाल लागलेला असतो. इथे तोंडं दिसत नाहीत. मी रोज पानं उघडत बसते. दिल्लीच्या एका मासिकाने लिहिलं, चित्रं देखणी, बगळा तर फारच गोड, पण म्हाताऱ्यापाशी खेळ बंद पडतो. दुसऱ्याने लिहिलं, इतका अडकणारा खेळ विकायला काढलाच कसा. परदेशातल्या एकाने तर खेळ पहिल्या फाट्यापर्यंतच पाहिला, म्हातारा थांबला तेव्हा संगणक बंद करून चालू केला, पुन्हा तेच झालं, आणि मग कंटाळून जे लिहायचं ते लिहिलं. पुढचे डोंगर, तलावाने डोळे पुसलेला तो प्रसंग, काही काही पाहिलं नाही त्याने. गोष्ट वाईट आहे असं कोणी म्हटलं असतं तर मी भांडले असते. हे तर गोष्ट ऐकायलाच थांबले नाहीत.

मालक भला माणूस आहे, पण तोही घाबरला आहे. दुकानदार खेळाच्या तबकड्या परत पाठवताहेत. हा खेळ पडला तर आमची टोळी मोडणार, करीमनगरची मुलगी लग्नाच्या पत्रिका रंगवायला लागणार आणि मी कुठल्यातरी गोदामाचा हिशेब ठेवणारं यंत्र बनवत बसणार. म्हणून परवा त्याने समीक्षा लिहिणाऱ्या एका गृहस्थांना बोलावून आमच्यासमोरच खेळायला बसवलं. आम्ही मागे उभे, परीक्षेच्या वर्गाबाहेर आया उभ्या असतात तसे. गृहस्थ हौशी होते. खेकडा तलाठ्याला मनापासून हसले, बगळ्याकडून दाढीसुद्धा करून घेतली. मग म्हाताऱ्यापाशी आले. म्हातारा चार वाक्यं बोलला आणि थांबला. गृहस्थ थांबले. त्यांनी माउस हलवला, मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “हँग हो गया.”

मी मागून म्हटलं, “हूं.”

तोंडातून निघून गेलं, बा. संगणकाला काय ऐकू येणार, कप्पाळ! गृहस्थ वळून माझ्याकडे बघायला लागले. मालकही बघायला लागला. मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं, आणि त्याच वेळी असंही वाटलं की म्हाताऱ्याला एवढ्या माणसांसमोर ताटकळत ठेवलंय आपण.

ते गेल्यावर मालकाने मला बसवलं. त्याचं म्हणणं सरळ आहे. एकतर तिथे ‘हूं म्हणण्यासाठी बटण दाबा’ अशी पाटी लाव, नाहीतर थांबणंच काढून टाक, म्हातारा आपलं घडाघडा बोलून मोकळा होईल. पाटीला मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. का नाही, ते त्याला सांगता आलं नाही. तुला सांगायची गरज नाही, कारण ते तुझंच म्हणणं आहे.

मी तिसरीत असताना गुरुजींनी तुला शाळेत बोलावलं होतं, पोरांना गोष्ट सांगायला. तू धुतलेला सदरा घातलास, केसांना तेल लावलंस. वर्गात सगळी पोरं हाताची घडी, तोंडावर बोट. तू तलावाला गावातून बाहेर काढलंस आणि थांबलास. कोणीच काही म्हणेना. बोट तोंडावर असलेली पोरं काय म्हणणार? गुरुजींना वाटलं तू विसरलास. ते हळूच म्हणाले, आठवते का, नाहीतर राहू द्या. मागच्या रांगेतून मी ‘हूं’ म्हटलं, आणि गुरुजींनी खडू फेकून मारला, गोष्ट चालू असताना आवाज करते म्हणून. तेव्हा तू त्यांना समजावलंस की गुरुजी, पोरगी बराबर करून राह्यली. गुरुजींना पटलं. पटलं म्हणजे काय, त्यांनी सगळ्या वर्गाला हुकूम दिला, म्हणा रे हूं! मग काय, तू तोंड उघडलंस की साठ-सत्तर पोरं एका सुरात ‘हूंऽऽ’. तू तलावाला कसंबसं घरी आणलंस, अर्धी गोष्ट गाळून. परत येताना तलावाच्या पाळीवर आपण दोघंच होतो. तू म्हणालास, “सांगून म्हनलेला हूं काय कामाचा वो पोरी? थो त पाढा झाला. हूं कायले असते? सांगनाऱ्याले भेव लागते का आपुन एकटेच बोलून राह्यलो का काय. त्याच्यासाठी असते थो.”

तुला भीती वाटायची, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. एवढा दांडगा माणूस, छातीभर पाण्यात उभा राहून जाळं फेकणारा, आणि पोरीच्या एका हूंवर अडून बसायचा. ती भीती काय असते ते मला आत्ता कळतंय, पानामागून पान उघडून पाहताना.

म्हणून पाटी नाही. मग थांबणं काढून टाकायचं? परवापासून मी तेच करायला बसते आणि हात चालत नाही. कारण मला आपल्या फाट्यावरच्या एसटीडीवाल्याने सांगितलेलं आठवतं. मला ते कळलंय, हे तुला माहीत नाही.

मी नागपूरला शिकायला होते तेव्हा तू रविवारी त्याच्या बूथवर येऊन बसायचास आणि मी होस्टेलवरून फोन लावायचे. खुशाली दोन मिनिटांत संपायची. मग तू गोष्टच सुरू करायचास आणि मी इकडून हूं म्हणायचे, मागे रांगेतल्या मुली खिदळायच्या. पावसाळ्यात लाइन कधी जाईल याचा नेम नसायचा. अशीच एकदा मधेच गेली. मी पुन्हा लावला, पुन्हा लावला, तर फोन सारखा एंगेज. वाटलं, दुसरं कोणी बोलत असेल, पुढच्या रविवारी बोलू. पुढचा रविवार आला नाही. शुक्रवारी तुझ्या छातीत कळ आली आणि मला गावी यायला निरोप आला तो सगळं संपल्यावरच.

तेरवीला एसटीडीवाला माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, बाई, त्या दिवशी तुझ्या बापाने फोनच सोडला नाही. लाइन कटली हे त्याने तुला तिथेच सांगितलं होतं, बा, दोनदा सांगितलं. तू रिसीव्हर कानाला लावून उभाच. म्हणालास, “नाई कटली. आयकून राह्यली थे. आता म्हन्ते हूं.” वडशाची गाडी आली आणि गेली, तरी तू उभा. मी इकडून लावत होते आणि फोन एंगेज होता, कारण तो तुझ्याच हातात होता.

या लोकांना थांबलेली गोष्ट बंद पडल्यासारखी वाटते, आणि तुला बंद पडलेला फोन थांबल्यासारखा वाटला. यांचा मला राग येतो. तुझाही आला होता, खोटं कशाला बोलू. एवढा भरवसा कोणी कोणावर ठेवतं का?

आता संध्याकाळ व्हायला आली आहे. मी काय केलं ते सांगते आणि संपवते. थांबणं मी काढलं नाही. म्हातारा अजूनही चार वाक्यं बोलतो आणि थांबतो, खेळणाऱ्याची वाट बघतो. त्याने बटण दाबलं तर उत्तमच, पोरगी हूं म्हणते. नाही दाबलं तर थोड्या वेळाने मागून कुठूनतरी बारीकसा हूं ऐकू येतो, आणि म्हातारा मान हलवून पुढे सांगायला लागतो. खेळ आता कुठेच अडकत नाही, शेवटपर्यंत जातो. उद्या मालक खूश होईल, दिल्लीवाले काय म्हणतील ते म्हणोत, धाकधूक काही गेलेली नाही. पण तो हूं कोणाचा आहे हे मी ऑफिसात कोणालाच सांगणार नाही. दुपारी दारं-खिडक्या बंद करून, पंखा बंद करून, मीच म्हटला आहे. पहिल्या खेपेला आवाज फुटला नाही, बा. दुसऱ्या खेपेला नीट आला.