क्रोटनची पानगळ

राजवाड्यामागे, तंजावूर
१२ ऑगस्ट २०२४

चि. सौ. भवानीस, कनकवहिनीचे अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. दिवाळीत तू गात असताना तुझ्या अण्णांनी पाहुण्यांदेखत तुझा आवाज फाटला म्हटलं, तेव्हापासून तू इथं पाऊल टाकलं नाहीस. तिरुवैयारु काय सातासमुद्रापार आहे? यांच्या जिभेला हाड नाही, पण मी काय केलं गं?

तू दिलेला क्रोटन पुढच्या तिण्णैच्या ओट्याजवळ छान फुटला होता, लाल, पिवळा, केशरी. शेजारची अंबा रोज बघून जळायची. आता रोज सकाळी चार-पाच पानं खाली पडलेली असतात. काय करू ते कळव, आणि नवरात्रात कोलूच्या बाहुल्या मांडायला ये.

माया आहेच, ती पत्रातून तरी येऊ दे.
कनकवहिनी

तिरुवैयारु
१९ ऑगस्ट

ती. सौ. कनकवहिनींस, शि. सा. न. वि. वि.

तुम्ही मायेनं झाड बुडवत असाल. बोटभर माती सुकली की मगच पाणी. सकाळचं ऊन हवं, नाहीतर रंग जाऊन नुसतं हिरवं होतं. कुंडी मात्र सारखी हलवू नका, रुसतं. आणि पडलेल्या पानाचा देठ बघा. आपोआप गळालं तर कोरडा असतो, कुणी खुडलं तर चीक दिसतो.

कोलूचं म्हणाल तर वहिनी, माहेरी जायला बोलावणं भावाचं लागतं. तुमच्या बोलावण्यानं बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण दिवाळीपासून मी गायलेच नाही. गाणं शिकायला येणाऱ्या मुलींनाही न गाता, नुसतं बोलून सांगते. तोंड उघडलं की अण्णाचे शब्द आठवतात.

तुमच्यावर राग नाही, तुमचाही नसावा.
भवानी

तंजावूर
२ सप्टेंबर

चि. सौ. भवानीस अ. उ. आ.

अगं, प्रत्येक देठाला चीक! शेळी म्हणावी तर फाटकाला कडी. काल पहाटे फिल्टरची कापी गाळताना खिडकीतून बघते तो काय, तुझा भाऊ, रिटायर्ड हेडमास्तर, पंचा नेसून पानं खुडतोय. विचारलं तर कानांवर हात. मी सांगितलं, कारण लिहून द्या, नाहीतर कापी बंद. दुपारी तीनपर्यंत टिकले. चिठी सोबत आहे, मी वाचलेली नाही. बरं, वाचली.

कनकवहिनी

चि. भवानीस, सांबशिवचे आशीर्वाद.

झाड आजारी पडलं की तू धावत येशील असं वाटलं. तू पाण्याचा हिशेब लिहून पाठवलास. एक वाक्य बोलायचं धाडस नव्हतं, म्हणून तीन आठवडे पानं खुडली. चुकलो.

तुझा आवाज फाटला नव्हता. त्या दिवशी तू हुबेहूब आईसारखी गात होतीस. आणखी एक ओळ ऐकली असती तर पाहुण्यांसमोर रडलो असतो, म्हणून तुला थांबवलं.

घटस्थापनेला, गुरुवारी सकाळच्या बसनं मी स्वतः न्यायला येतो. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन. आतून गाणं ऐकू आलं तरी पुरे.

तुझा,
अण्णा